ॲस्पर्गर असलेल्या मुलासाठी सुचवले जाणारे पर्यायी उपचार : कुणाला काय अनुभव?

शमिका_प | सोमवार, रात्री १०.४२

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, नववीत. गेल्या वर्षी निदान झालं. कागदावर 'ऑटिझम स्पेक्ट्रम, पातळी १' असं लिहिलंय; डॉक्टर तोंडी म्हणाले, पूर्वी यालाच ॲस्पर्गर सिंड्रोम म्हणायचे. बोलणं, वाचन, गणित उत्तम. महाराष्ट्रातली धरणं, त्यांच्या नद्या, साठा, सगळं मुखोद्गत. पण वर्गातला गोंगाट त्याला सोसत नाही, रात्री एक-दीड वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, परीक्षेच्या आदल्या दिवसापासून पोटात कालवायला लागतं. मुलं थट्टा करतात ती थट्टा आहे की भांडण हे त्याला उमजत नाही, त्यामुळे हल्ली एकटाच असतो.

निदानाचं घरात कळल्यापासून रोज कुणीतरी काहीतरी सुचवतं. जाऊबाई म्हणतात गहू आणि दूध बंद करा. सासूबाईंच्या ओळखीचे एक जण सुवर्णप्राशन आणि शिरोधारा सांगतात. सोसायटीत एकांनी होमिओपॅथी सांगितली, दुसऱ्यांनी ऑक्सिजन चेंबर. एका केंद्राने डोक्याला तारा लावून करायच्या न्यूरोफीडबॅकचं पॅकेज हातात ठेवलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे स्टेम सेल. मुलाच्याच कमरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या पेशी पाठीच्या कण्यातून सोडायच्या. खर्च काही लाख. नवऱ्याचा कल तिकडे आहे, एफडी मोडायचीही तयारी आहे. 'पुढे असं वाटायला नको की करण्यासारखं होतं आणि आपण केलं नाही,' हे त्यांचं म्हणणं. त्यांची तगमग मला कळते. पण धडधाकट मुलाच्या पाठीत सुई घालायची या विचारानेच माझा जीव गोळा होतो.

यातलं कुणी काय केलंय? काय उपयोगी पडलं, काय नाही? कृपया मोकळेपणाने लिहा.

भटक्या_विमुक्त | सोमवार, रात्री ११.०५

महत्त्वाचा धागा. माहिती नाही, पण वाचतोय.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ११.३८

शमिका, तुझ्या जागी मी काही वर्षांपूर्वी होते. माझा मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे, म्हणून पहिल्यांदा हे सांगते की श्वास घे.

गहू-दूध बंदचा प्रयोग आम्ही केला. आधीच त्याचं खाणं मोजकं: पोळी, वरणभात, दही, एका ठरावीक कंपनीची बिस्किटं. त्यातली पोळी, दही आणि बिस्किटं गेली, की मग उरलं काय? ज्वारीची भाकरी त्याने ताटाबाहेर ठेवली, भाताने पोट भरायचं म्हणून भात दुप्पट. सुरुवातीला तो शांत वाटला खरा, आणि मी बहिणीला फोन करकरून सांगितलं. मग जून उजाडला, शाळा सुरू झाली आणि सगळं होतं तिथे आलं. म्हणजे जी शांतता होती ती मे महिन्याची होती. शाळा नाही, डब्याची घाई नाही, रिक्षातली मुलं नाहीत. वजन उतरलं तेव्हा आमच्या बालरोगतज्ज्ञांनी दही परत सुरू करायला लावलं.

ज्या मुलाला सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार असेल, दूध पचत नसेल, त्याने जरूर बंद करावं. ते तपासणीत कळतं. आमच्याकडे तसं काही नव्हतं.

डॉ_कौमुदी | मंगळवार, सकाळी ७.१५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. गोदाकाठ यांनी जून महिन्याचं जे निरीक्षण लिहिलंय ते फार मोलाचं आहे, कारण या सगळ्या उपचारांची गोम तिथेच आहे. त्यासाठी सीक्रेटिनची गोष्ट सांगते.

सीक्रेटिन हे आतड्यातलं संप्रेरक. स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी ते टोचून देतात. १९९८ मध्ये अमेरिकेत तीन ऑटिस्टिक मुलांबद्दल एक लेख आला: पोटाच्या तपासणीसाठी सीक्रेटिन दिलं आणि नंतर मुलं जास्त बोलायला, बघायला लागली. टीव्हीवर बातमी झळकली, आईबाप औषधासाठी वणवण करायला लागले, किंमत आकाशाला भिडली. लगेच पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, ६० मुलांवर नीट चाचणी झाली. निम्म्यांना सीक्रेटिन, निम्म्यांना मिठाचं पाणी, आणि कुणाला काय दिलंय हे आईवडिलांनाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यांनाही नाही. दोन्ही गटांतली मुलं सुधारली. सारखीच सुधारली! म्हणजे मिठाच्या पाण्यानेही. त्याहून बोलकी गोष्ट अशी की हा निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालक म्हणाले, आम्हाला हे औषध हवं आहे. अशा एकूण १६ चाचण्या झाल्या, ९०० हून जास्त मुलांवर. निष्कर्ष तोच.

मुलं वाढतात. चांगले आणि वाईट काळ आपोआप येतात-जातात. आपण बहुतेक वेळा वाईट काळात उपचाराकडे धावतो, त्यामुळे नंतर येणाऱ्या बऱ्या काळाचं श्रेय त्या उपचाराला मिळतं. यात आईबाप भोळे आहेत असं अजिबात नाही. ते मुलाकडे डोळ्यांत तेल घालून पाहत असतात, म्हणून त्यांना बारीकसारीक बदल दिसतात.

आता थोडक्यात. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१३ च्या मुलांसाठीच्या मार्गदर्शिकेत ऑटिझमसाठी सीक्रेटिन, चीलेशन (औषध देऊन शरीरातले जड धातू काढणं) आणि ऑक्सिजन चेंबर या तिन्हींना स्पष्ट 'नको' म्हटलंय. मूळ लक्षणांसाठी आहार वगळण्यालाही नको. स्टेम सेलबद्दल संध्याकाळी लिहीन, आता ओपीडी.

सह्यवेडा | मंगळवार, सकाळी ९.२०

डॉक्टर, आदर राखून असहमत. माझ्या भाच्याला होमिओपॅथीने फरक पडला आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी पाहुणे आले की पलंगाखाली जायचा, आता येऊन नमस्कार करतो. दर महिन्याला तासभर डॉक्टर त्याच्याशी बोलतात, ॲलोपॅथीवाले पाच मिनिटं देत नाहीत. प्रत्येक गोष्ट प्रयोगशाळेत सिद्ध व्हायलाच हवी का?

नकाशावाला | मंगळवार, दुपारी १.०४

एरवी मी इथे फक्त जुन्या नकाशांच्या धाग्यावर असतो. आज लिहितोय कारण वर जो 'मुलगा' चर्चेत आहे तो मी होतो. मला ॲस्पर्गर आहे. निदान तिशी उलटल्यावर झालं, पण उपचार सहावीपासूनच सुरू होते. फक्त ते कशावर चालू आहेत हे कुणाला माहीत नव्हतं.

आईने वेखंड उगाळून चाटवला, दृष्ट काढली, एका मठात नेलं. पुढे गोळ्या आल्या, मग 'व्यक्तिमत्त्व विकास' शिबिर आलं. तिथे डोळ्यांत डोळे घालून बोलायचा सराव करून घेत. तो मी शिकलो. आजही करू शकतो. पण डोळ्यांकडे बघत असलो की समोरचा काय म्हणतोय ते माझ्या कानात शिरत नाही. म्हणजे लोकांना मी बरा झालेला दिसायचो आणि मला संभाषण कळेनासं व्हायचं. त्या शिबिराच्या दृष्टीने तो यशस्वी उपचार होता.

सह्यवेडा, तुमचा भाचा नमस्कार करतो हे छान आहे. त्याला एकदा विचारून बघाल का, की पाहुणे गेल्यावर त्याला कसं वाटतं? मी खरंच विचारतोय, टोमणा नाही. कारण मी नमस्कार करायचो आणि मग उरलेला दिवस मला उठवत नसे.

शमिका ताई, तुम्ही लिहिलेल्या तक्रारी पुन्हा वाचा: गोंगाट, झोप, परीक्षेची भीती, एकटेपणा. या चारही त्याच्या खऱ्या अडचणी आहेत आणि चारहींवर काहीतरी करता येतं. पण जे उपचार तुम्हाला सुचवले गेले ते या चारांसाठी नाहीतच. ते त्याला बदलण्यासाठी आहेत. मला मदत झाली ती अशी:

गोंगाटासाठी कानावर हेडफोन, आणि ऑफिसात भिंतीकडची जागा. झोपेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, आणि रात्री ठरावीक क्रम. भीतीसाठी एक समुपदेशक भेटल्या, त्या कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारं समुपदेशन करतात. त्यांनी पहिल्याच भेटीत आज काय बोलायचंय ते कागदावर लिहून दिलं. 'तुम्हाला कसं वाटतंय' असं विचारण्याऐवजी 'पोट, छाती, हात यांत काय होतंय' असं विचारायच्या. माझ्या भावना मला त्या वाटेने कळायला लागल्या. आणि एकटेपणासाठी जुन्या नकाशांचे चाहते.

जाड, वजनदार पांघरूणही वापरतो. त्यावर ब्रिटनमध्ये २०१४ ला मुलांवर चाचणी झाली होती. झोप वाढली नाही, पण मुलांना ते साध्या पांघरुणापेक्षा आवडलं. मलाही आवडतं. आवडतं एवढं कारण मला पुरतं, त्याला उपचार म्हणायची गरज वाटत नाही.

रानजाई | मंगळवार, दुपारी १.३१

नकाशावाला, प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद.

कोल्हापुरी_ठसका | मंगळवार, दुपारी २.१०

हेडफोनला शंभर गुण. आमच्या घरात कुणालाही कसलंही निदान नाही, तरी मिरवणुकीचे ते भिंतीएवढे स्पीकर गल्लीत शिरले की आज्जी, मी आणि मांजर असे तिघं मागच्या खोलीत जाऊन दार लावतो. मांजर सगळ्यात आधी!

नकाशावाला | मंगळवार, दुपारी २.१८

मांजराला माझा नमस्कार सांगा. त्याला दारातून आत घेणारी माणसं मिळाली आहेत.

वैद्य_निशिगंध | मंगळवार, दुपारी ४.४०

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, पंचकर्म करते. सुवर्णप्राशनाचा विषय निघालाय म्हणून लिहिते.

काश्यपसंहितेत सुवर्णप्राशन आहे. दगडावर सोनं उगाळून मध-तुपात चाटवायचं, ते नुकत्या जन्मलेल्या बाळासाठी, मेधा आणि बल यांसाठी. ते ऑटिझमचं औषध म्हणून कुठे सांगितलेलं नाही. पुष्य नक्षत्राला शिबिरं भरतात आणि फलकावर ऑटिझम, गतिमंदत्व, एकाग्रता अशी यादी लिहितात, हे माझ्या शास्त्राला धरून नाही असं मला वाटतं आणि मी ते बोलतेही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये हे आज आपल्याला माहीत आहे, त्यातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.

भस्मांबाबत फार काळजी घ्या. अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, २००४ मध्ये. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ उत्पादनांतही साधारण पाचव्या हिश्शात तेच. मुलांच्या मेंदूसाठी शिसं हे विषच. बाटलीवर घटक, परवाना क्रमांक, बॅच नसेल तर घेऊ नका, मग देणारा कितीही ओळखीचा असो. वेखंडाचंही तसंच, त्यात बीटा-ॲसरोन हा अपायकारक घटक असतो. मोजमाप न करता रोज चाटवत राहणं बरं नाही.

अभ्यंग, शिरोधारा यांनी मन निवतं, पण ज्याला स्पर्श सहन होतो त्याचं. तुमच्या मुलाला डोक्यावर तेलाची धार नकोशी वाटली तर त्याच्यासाठी तो छळ होईल. आधी त्याला विचारा. आणि ॲस्पर्गर बरं करतो असं कुणी वैद्य म्हणाला तर तिथून उठून या.

डॉ_कौमुदी | मंगळवार, रात्री ८.५५

वैद्य निशिगंध, शब्दाशब्दाला अनुमोदन. असं बोलणारे दोन्हीकडे हवेत.

स्टेम सेल. रक्ताच्या काही आजारांत अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा सिद्ध उपचार आहे. त्या पुण्याईवर बाकीचा बाजार उभा आहे. ऑटिझममध्ये मेंदूतल्या कुठल्या पेशी मेल्यात म्हणून नव्या घालायच्या, असं काही नाहीच. तो मेंदूच्या घडणीचा वेगळेपणा आहे. पाठीच्या कण्यातून पेशी सोडल्या की त्या मेंदूत जाऊन नेमकं काय करतात, या प्रश्नाला पटण्यासारखं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. भूल, अस्थिमज्जा काढणं, कण्यात सुई, प्रत्येक पायरीला जंतुसंसर्गाची जोखीम आहे. कायद्याचं कुणी जाणकार सांगेल का?

कलम_कारकून | मंगळवार, रात्री १०.२०

वकील आहे, या विषयावर थोडं काम केलंय.

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताशी संबंधित मोजके मान्य आजार सोडले तर स्टेम सेलचा रुग्णावरचा प्रत्येक वापर हा संशोधन आहे. तो रीतसर मंजूर झालेल्या चाचणीतच करता येतो, उपचार म्हणून विकता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानेही ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही असं कळवलं.

शमिका ताई, त्या दवाखान्याला दोन प्रश्न लेखी विचारा. ही चाचणी असेल तर सीटीआरआय, म्हणजे देशाची चाचण्यांची नोंदवही, तिथला नोंदणी क्रमांक काय आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी कुठे आहे? आणि चाचणी असेल तर आमच्याकडून पैसे का घेता? संशोधनात सहभागी होणाऱ्याने त्या उपचाराचे पैसे भरायचे नसतात. 'चाचणी नाही, उपचार आहे' असं उत्तर आलं तर वरचा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

टोरांटोकर_आत्या | बुधवार, पहाटे ४.१२

भारतातच हे चालतं असं समजू नका. इकडे उत्तर अमेरिकेत याहून भयानक गोष्टी झाल्यात. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाचा चीलेशन चालू असताना मृत्यू झाला. शरीरातला पारा काढतो म्हणून शिरेतून औषध दिलं, रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं आणि हृदय थांबलं. लसीतल्या पाऱ्याने ऑटिझम होतो या भीतीवर ते सगळं उभं होतं. लस आणि ऑटिझमचं नातं जोडणारा १९९८ चा तो 'लॅन्सेट'मधला, फक्त १२ मुलांवरचा लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि लेखकाचा वैद्यकीय परवानाही गेला, पण भीती काही मागे घेतली गेली नाही. आमच्या मंडळातल्या दोन सुना अजून गोवराची लस लांबवतात.

क्लोरिन डायऑक्साइड म्हणजे चक्क ब्लीच मुलांना पाजायला सांगणारे लोक होते, 'मिरॅकल मिनरल' नावाने. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये जाहीर इशारे दिले. आणि ऑक्सिजन चेंबरबद्दल: २०२५ च्या जानेवारीत मिशिगनमध्ये अशा चेंबरला आग लागून आत असलेला पाच वर्षांचा मुलगा गेला. मधुमेही पायाच्या जखमेला, पाणबुड्यांना चेंबर उपयोगी आहे. ज्याला फक्त वर्गातला आवाज सोसत नाही त्या पोराला शुद्ध ऑक्सिजनच्या पेटीत कशासाठी झोपवायचं?

इतिहासाची_वही | बुधवार, सकाळी ८.३०

थोडं अवांतर. ज्यांच्या नावाने हे निदान होतं ते हान्स ॲस्पर्गर व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ. त्यांचा प्रबंध १९४४ चा. इंग्रजी जगाला त्यांचं नाव माहीत झालं ते १९८१ मध्ये लोर्ना विंग यांच्या लेखामुळे. २०१३ पासून अमेरिकी वर्गीकरणात हे वेगळं निदान राहिलं नाही, ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये मिसळलं. २०१८ मध्ये हेरविग चेक या इतिहासकाराने कागदपत्रांतून दाखवलं की नाझी काळात ॲस्पर्गर यांनी काही अपंग मुलांना 'आम श्पीगलग्रुंड' या दवाखान्यात पाठवलं होतं. तिथे जवळपास ८०० मुलं मारली गेली. त्यामुळे अनेक जण हे नाव आता वापरत नाहीत.

नकाशावाला | बुधवार, सकाळी ९.०२

हे मला माहीत आहे आणि त्रास होतो. तरी माझ्या फायलीवर तेच नाव आहे आणि माझ्यासारखी माणसं मला त्या नावाने सापडली, म्हणून अजून वापरतो. नव्या मुलांनी खुशाल 'ऑटिस्टिक' म्हणावं.

स्पष्टवक्ता | बुधवार, सकाळी १०.४५

आमच्या वेळी अशा मुलांना एककल्ली म्हणायचे आणि सोडून द्यायचे. सगळे मार्गाला लागले. हल्ली आईबाप फार लेबलं लावतात. उपचारही नको आणि निदानही नको.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ११.१५

सगळे मार्गाला लागले नाहीत हो. माझे सख्खे काका असेच होते. मॅट्रिकला गणितात पहिले आले, नोकरीत कुठे टिकले नाहीत, आयुष्यभर घरच्यांनी 'तऱ्हेवाईक' म्हणून ऐकवलं. ते माडीवरच्या खोलीत राहिले आणि तिथेच गेले. माझ्या मुलाच्या निदानाच्या दिवशी मला आधी त्यांची आठवण झाली. निदान झालं म्हणून माझ्या मुलाला बारावीला जादा वेळ मिळाला, आणि मुख्य म्हणजे 'मी वाईट नाही' हे त्याला कळलं.

अनुस्वार | बुधवार, दुपारी १२.०२

+१ गोदाकाठ.

शमिकाने लिहिलं नाहीये, पण कुणी 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' सुचवलं तर तेही टाळा. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात ती नाकाजवळच्या फटीतून. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी हे अनेकदा उघड केलंय. सरळ मनाच्या मुलाला तिथे फसवायला शिकवतात, याचा मला सगळ्यात राग येतो.

सह्यवेडा | बुधवार, संध्याकाळी ६.३०

काल नकाशावालांचं वाचल्यावर भाच्याला फोन केला. त्याने सांगितलं, पाहुणे येणार हे आई आदल्या दिवशी सांगते आणि पाच मिनिटांनी आत जायची परवानगी आहे, म्हणून आता जमतं. त्यात गोळ्यांचा उल्लेख नव्हता. पण डॉक्टरांशी तो तासभर बोलतो ते त्याला आवडतं, हेही म्हणाला. तेव्हा तो तास कमी लेखू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरा प्रश्न खरा आहे: एखादी गोष्ट लागू पडते की नाही हे घरच्या घरी कळणार कसं?

डॉ_कौमुदी | बुधवार, रात्री ९.४०

तो तास हीच होमिओपॅथीतली खरी गोष्ट आहे, सह्यवेडा, आणि आमच्या ओपीडीत तो मिळत नाही ही आमची उणीव आहे. त्यावर वाद नाही.

घरी तपासायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी दोन-तीन आठवडे काहीच न बदलता नोंद ठेवा: झोप किती वाजता लागली, शाळेतून कितीदा रडत आला, पोटात दुखणं किती दिवस. मोजता येईल असंच लिहा, 'बरा वाटला' असं नको. मग नवी गोष्ट सुरू करा, नोंद चालू ठेवा. शाळेतल्या बाईंना काय सुरू केलंय ते न सांगता त्यांचं मत विचारा. किती दिवसांनी थांबायचं ते आधी ठरवा आणि त्या दिवशी थांबा. हे फक्त निरुपद्रवी गोष्टींसाठी. शिरेतून, कण्यातून, मोठ्या मात्रेत काही द्यायचं असेल तर घरी प्रयोग नाही. साधं बी-६ जीवनसत्त्वसुद्धा मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिलं तर नसांना इजा होते.

सूरपेटी | गुरुवार, सकाळी ७.५०

संगीताबद्दल कुणीच लिहिलं नाही? मी मुलांना पेटी आणि गाणं शिकवते, दोन ऑटिस्टिक विद्यार्थी आहेत. एकाला तानपुरा जरासा उतरला तरी माझ्याआधी कळतं.

टोरांटोकर_आत्या | गुरुवार, सकाळी ८.२५

संगीतोपचारावर नऊ देशांत मिळून ३६४ मुलांची चाचणी झाली होती, २०१७ ला निकाल आला. ऑटिझमच्या लक्षणांच्या तीव्रतेत फरक नाही. नंतरच्या एकत्रित आढाव्यात मात्र एकूण प्रगतीच्या बाजूने थोडा कौल आहे. पण तुमच्या विद्यार्थ्याला गाणं येतंय, त्याहून मोठा निकाल कुठला? त्याला गाणंच शिकवा.

पाटीपेन्सिल | गुरुवार, दुपारी ३.१५

मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. दोन दिवस वाचतेय आणि वाटतंय की लाखो रुपयांच्या पॅकेजवर इतकं बोलणं झालं, पण जे फुकट मिळतं त्यावर नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारी रुग्णालयातून तपासणी करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. टक्केवारी कमी भरेल असं कुणी म्हणेल, तरी अर्ज करा. बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींचा अर्ज शाळेमार्फत जातो आणि नववीतच तयारी लागते, दहावीच्या जानेवारीत धावाधाव करणारे पालक मी दरवर्षी बघते. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो.

आणि शाळेशी बोला. मुलाला दाराजवळचा बाक, मधल्या सुट्टीत वाचनालयात बसायची परवानगी, वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगणं: यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. एक समजूतदार वर्गशिक्षक पुरतो.

शमिका_प | शनिवार, रात्री ११.२०

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. दोन दिवस हा धागा नवऱ्याला वाचून दाखवत होते.

कलम_कारकून, तुमचे दोन प्रश्न आम्ही ईमेलने पाठवले. उत्तराऐवजी समन्वयकांचा फोन आला, 'या महिन्यात सवलत आहे, लवकर ठरवा.' नोंदणी क्रमांकाचं विचारल्यावर म्हणाल्या, डॉक्टर प्रत्यक्ष भेटीत सांगतील. नवऱ्याने फोन ठेवला आणि म्हणाले, 'नको.' एफडी तशीच आहे.

नकाशावाला, तुमचं वाचून मी लेकाला विचारलं, पण समोर बसवून नाही, व्हॉट्सॲपवर. 'तुला कशाकशाचा त्रास होतो?' पाऊण तासाने यादी आली. वर्गातल्या एका ट्यूबलाइटचा गुंईं आवाज. पीटीच्या सरांची शिट्टी. 'गंमत केली' असं म्हणणारी मुलं. रात्री आम्ही हळू आवाजात त्याच्याबद्दल बोलतो ते. हे शेवटचं वाचून आम्ही दोघं गप्प झालो. खाली त्याने लिहिलं होतं, 'मी आजारी आहे का?' मी लिहिलं, नाही. मग त्याचा लगेच प्रश्न, 'मग औषध कशाचं?' त्याला मी तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. उजनी होण्याआधीचा भीमेकाठचा नकाशा तुमच्याकडे आहे का, असं विचारतोय.

आता ठरवलेलं असं: झोपेसाठी डॉक्टरांकडे, परीक्षेच्या भीतीसाठी समुपदेशक शोधायचे, सासूबाई हवं तर डोक्याला तेल लावतील कारण ते त्याला आवडतं. गहू-दूध चालू. पाटीपेन्सिल, शाळेत सोमवारी जायचंय. अर्जात काय लिहू? मला तक्रार केल्यासारखं वाटायला नकोय.

नकाशावाला | शनिवार, रात्री ११.४१

आहे. पळसदेव आणि आजूबाजूची बुडालेली गावं त्यात दिसतात. स्कॅन करून व्यक्तिगत निरोपात पाठवतो. त्याला सांगा, उजनीचा मृतसाठाच ६३ टीएमसीच्या वर आहे, त्यावरून मी एकदा एका इंजिनिअरशी दोन तास बोललोय.

पाटीपेन्सिल | रविवार, सकाळी ९.०५

शमिका, अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत वर्गशिक्षकांना. सुरुवातीला निदानाचं एक वाक्य आणि अहवालाची झेरॉक्स जोडा. मग त्याच्याच यादीतल्या गोष्टी विनंती म्हणून लिहा: ती ट्यूब बदलून मिळावी, पीटीच्या तासाला सरांपासून लांब उभं राहू द्यावं, मधल्या सुट्टीत वाचनालय, लेखनाच्या तासाला इअरप्लग वापरायची परवानगी. 'गंमत' करणाऱ्या मुलांची नावं अर्जात नको, ती वर्गशिक्षकांना तोंडी सांगा. शेवटी बोर्डाच्या सवलतींसाठी शाळेने कोणती कागदपत्रं कधी द्यायची ते लेखी कळवावं असं लिहा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका. ट्यूबसाठी शिपाईमामांना थेट सांगितलंत तर मंगळवारपर्यंत होऊनही जाईल.